थंड इंजिनाचा आवाज

कानसेन इंजिन ऐकायला वाकला की गॅरेजात कोणी बोलायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती. हातातला पाना खाली ठेवायचा, कॉम्प्रेसर बंद करायचा, शिंक आली तर गिळायची. मग तो आपला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा. टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. ती मूठ कानाला घासून घासून गुळगुळीत झाली होती. डोळे उघडले की तो एवढंच सांगायचा, दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट, किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. इंजिन खोललं की तेच निघायचं. गल्ली त्याचं खरं नाव केव्हाच विसरली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही वाईट वाटत नसे.

तर हाच कानसेन गेली दोनेक वर्षं बहिरा होत चालला होता.

त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं असं नाही. आधी बरेच दिवस कळलं नाही, मग कळलं, आणि मग कळलंच नाही असं त्याने ठरवून टाकलं. आधी बारीक आवाज गेले. चहात चमचा फिरवल्याचा गेला, फोनची घंटी गेली, खिडकीतल्या चिमण्या गेल्या. जाडेभरडे आवाज शाबूत होते, त्यामुळे ट्रक आला-गेला की त्याला बरं वाटायचं. समोरचा माणूस बोलायला लागला की तो त्याच्या ओठांकडे बघायचा. अर्धं समजायचं, अर्धं तो मनाने भरून काढायचा. आणि एक गोष्ट त्याने कटाक्षाने पाळली होती. ‘काय म्हणालात?’ असं तो कोणाला, अगदी कोणालाही, विचारत नसे. मान डोलवायची, ‘बरोबर आहे’ म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. जगातलं निम्मं बोलणं एवढ्यावर भागतं.

गॅरेजात तो हातांवर भागवायचा. तळवा कव्हरवर ठेवला की थरथर कळायची. गाडीवाल्याला चार प्रश्न टाकले की निम्मा आजार तोच बोलून जायचा. स्क्रूड्रायव्हर मात्र तो काढायचाच. डोळेही मिटायचा. लोक तेवढ्यासाठी यायचे.

त्याची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, घरोघरी जाणारी नर्स होती. कोणाचं ड्रेसिंग, कोणाचं इंजेक्शन, कोणा म्हाताऱ्याची नळी बदलायची. इतके दिवस ती बसने फिरली. पण आता तिच्याकडे टेकडीपलीकडची वस्ती आली होती आणि तिकडे बस जात नव्हती. तिने एक जुनी, छोटी, निळी गाडी पाहून ठेवली. बहिणीचा निरोप आला, ‘दादाने ऐकल्याशिवाय गाडी घ्यायची नाही.’ आता यावर कानसेनाने काय म्हणावं? छाती फुगवून हो म्हणाला.

गाडी विकणारा चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात आणून लावायची, ही अट कानसेनाचीच. सकाळी भाची आली तेव्हा बॉनेट उघडं होतं, आणि चष्मेवाला पाहुण्यांसमोर मुलाचे गुण वाचून दाखवावेत तसा बोलत होता.

“नऊशे अठ्ठ्याण्णव सीसी. तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, अडुसष्ट हॉर्सपॉवर. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, एका माणसाने उचलावा इतका हलका. पेट्रोल तर नुसतं हुंगते. आणि टायमिंगला बेल्ट नाही, साखळी आहे, ताई. बदलायची भानगडच नाही.”

“साखळी आहे हे खरं,” कानसेन भाचीला म्हणाला. या इंजिनावर बोलायला लागला की त्याचा आवाज एकदम तरुण व्हायचा. “बाकीचं मी सांगतो, ऐक. यांची इग्निशन कॉइल जाते, त्याला भ्यायचं नाही. एक सिलिंडर मेला तरी दोनवर रडतखडत घरी येशील. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर चिरतं, पाणी गळतं, पण ते डोळ्यांना दिसतं. थ्रॉटलला काजळी धरते, पुसली की झालं. भ्यायचं ते साखळीला. तेल वेळेवर बदललं नाही की हिच्या बारीक नळ्यांत गाळ बसतो. साखळीला ताणून धरणारा एक दट्ट्या असतो, तो तेलाच्या दाबावर चालतो. दाब उशिरा आला की साखळी ढिली पडते, आतल्या आत फटके खाते.”

“मग ते कळायचं कसं?”

“गाडीच सांगते ना. पण फक्त थंड असताना. सुरू केल्या केल्या, दोन श्वास घेशील तेवढाच वेळ. मग तेल वर चढतं आणि ती गप्प होते, दिवसभर शहाण्यासारखी चालते. म्हणून तर रात्रभर उभी करून ठेवली.”

इतकं सगळं त्याला पाठ होतं. काय ऐकायचं, कधी ऐकायचं, कुठे ऐकायचं, सगळं. फक्त ऐकू येणं तेवढं राहिलं होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर साखळीच्या कव्हरवर टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. कॉम्प्रेसर बंद झाला. लंबू, म्हणजे गॅरेजातला दुसरा मेकॅनिक, चाकाशी बसला होता तो हात आवरून थांबला. पार्ट्सच्या काउंटरवर कानसेनाची बायको डबे लावत होती, तिने हातातला डबा तसाच धरला. चष्मेवाल्याने किल्ली फिरवली.

खर्रर्र. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला आणि विरला. मग इंजिन शांतपणे फिरायला लागलं.

बायकोने चटकन वर बघितलं. लंबूनेही बघितलं. दोघांची नजरानजर झाली. कानसेनाचे डोळे मिटलेलेच होते, चेहरा देवघरात बसल्यासारखा निवांत. मुठीतून त्याच्या गालाच्या हाडाला एक संथ, गोड थरथर जाणवत होती, बस्स.

“घे,” तो डोळे उघडून म्हणाला. “डोळे झाकून घे.”

लंबूने मान खाली घातली आणि पाना उचलला. बायकोने डबा फळीवर ठेवला. इतक्या वर्षांत या माणसाचा कान चुकला नव्हता. आपल्याला काय कळतं त्यातलं, असं ती मनाशी म्हणाली, आणि इथेच सगळं बिघडलं.

भाचीने गाडी घेतली. ती खूश होती. टेकडीपलीकडे जायची, दुपारी परत यायची, वाटेत कधी मामाकडे डोकावायची. हवा थंड पडायला लागली तशी ती एकदा मामाकडेच मुक्कामाला राहिली, कारण दुसऱ्या दिवशी पहिलं इंजेक्शन सकाळी लवकर होतं आणि मामाचं घर टेकडीच्या वाटेवर होतं.

सकाळी तिने अंगणात गाडी सुरू केली. या वेळी तो आवाज दोन श्वासांत विरला नाही. खर्रर्र सुरू झालं ते चांगलं लांबलं, मधे एक ठोका चुकल्यासारखं झालं, मग हळूहळू थांबलं. भाचीने काच खाली केली. कानसेन नळापाशी दात घासत उभा होता.

“मामा, हा आवाज वाढलाय का रे?”

ओठांवरून त्याला ‘मामा’ कळलं आणि शेवटचं ‘का रे’ कळलं. मधलं त्याने नेहमीप्रमाणे भरून घेतलं. थरथरीबद्दल विचारत असणार. सगळेच विचारतात.

“तीन सिलिंडर आहेत गं,” तो चूळ भरून म्हणाला. “चार पायांच्या खुर्चीची सवय असली की तिपाई डुगडुगल्यासारखी वाटते. जा बिनधास्त.”

ती हसली. हात हलवला आणि गेली.

बायको दारात उभी होती. तिचे हात ओले होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. नवरा तोंड धूत होता, तिच्याकडे पाठ करून. ती दोन पावलं पुढे आली.

“अहो,” ती म्हणाली.

तो तोंड धूत राहिला.

“अहो, तुमच्या सदऱ्याला आग लागलीये,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

त्याने नळ बंद केला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि चुलीवरच्या चहाच्या वासाने प्रसन्न होऊन वळला. समोर बायको बघून दचकला.

“कधी आलीस?”

“मी आत्ता काय म्हणाले?”

“चहा झाला म्हणालीस.”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, न उचललेले फोन, गिऱ्हाइकांना दिलेली विसंगत उत्तरं, हे सगळं ती इतके दिवस वयावर, कामावर, त्याच्या तिरसटपणावर ढकलत आली होती. आता ढकलायला जागा उरली नाही. ती त्याच्या अगदी समोर येऊन, तोंड स्पष्ट उघडून बोलली. “त्या गाडीची साखळी वाजतेय. पहिल्या दिवशीही वाजली होती. आज तर कितीतरी वेळ, अंगणभर वाजली. तुम्हाला ऐकू आलं नाही.”

त्याचा चेहरा आधी लाल झाला. “तुला काय कळतं साखळीचं?”

“काही कळत नाही. ऐकू तेवढं येतं.”

“मग त्या दिवशी मूग गिळून का बसलीस?”

“तुम्ही ऐकत होतात,” ती म्हणाली. “तुम्ही ऐकत असताना कोण बोलतं?”

नियम त्याचाच होता. तो तरातरा गॅरेजात गेला. लंबू शटर वर करत होता.

“त्या निळ्या गाडीत आवाज होता?” त्याने विचारलं, आणि लंबूच्या ओठांकडे नजर रोखली.

लंबू उंचीने सहा फुटांवर होता, पण त्या क्षणी तो शटरमागे मावेल असा झाला. “होता,” तो म्हणाला. “पण तुम्ही पास केली म्हटल्यावर मला वाटलं, भास झाला असेल. माझ्या कानात मळ आहे असंही वाटलं. त्याच दिवशी तेल घातलं कानात.”

एरवी यावर गॅरेज आठवडाभर हसलं असतं. सकाळचं दृश्य कानसेनाच्या डोळ्यांसमोर आलं, या वेळी आवाजासकट, जसा तो असणार तसा. लांबलेला. म्हणजे दट्ट्या पार शेवटाला आला असणार. ताणायला त्याच्याकडे आता काही उरलं नसणार. साखळी एखाद-दुसरा दात सरकली की वर चढणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन जागीच मरतं. आणि इंजिन मेलं की ब्रेकला मिळणारी त्याची मदतही जाते. दोनदा दाबेपर्यंत पेडल पेडल असतं, मग दगड होतं. हे सगळं त्याला पाठ होतं. आणि टेकडीपलीकडचा रस्ता वस्तीपर्यंत नुसता उतार.

“फोन लाव,” तो मागोमाग आलेल्या बायकोला म्हणाला.

तिने लावला. पुन्हा लावला. “उचलत नाही.”

उचलणार नव्हतीच. स्टिअरिंग हातात असताना फोनला हात लावायचा नाही, हे तिला मामानेच शिकवलं होतं, आणि मामाचं ती सगळं ऐकायची.

टोइंगची जुनी गाडी घेऊन नवरा-बायको निघाली. चढावर ती गाडी म्हातारीसारखी धापा टाकत होती. तिचा जाडा आवाज मात्र त्याला व्यवस्थित ऐकू येत होता. बायको मांडीवर फोन धरून सारखा लावत होती. ती काही बोलली की तो रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे बघायचा, म्हणून तिने बोलणंच बंद केलं. त्याला त्या स्क्रूड्रायव्हरचा राग येत होता. मग तो राग स्वतःवर आला आणि तिथेच थांबला. एकदा, फक्त एकदा तो चष्मेवाल्याला म्हणाला असता की बंद करून परत लाव, मला नीट लागलं नाही, तर काय बिघडलं असतं? लंबू जवळ होता. बायको समोर होती. चांगले चार कान गॅरेजात हजर होते.

माथा ओलांडून उतार लागला. पहिलं वळण रिकामं होतं. दुसरंही. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेचा दगडी कठडा दिसला आणि कठड्याला लांबवर निळ्या रंगाचा ओरखडा दिसला. ओरखड्याच्या शेवटी गाडी उभी होती, डाव्या अंगाने कठड्याला चिकटून, नाक चेपलेलं. ड्रायव्हरचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने कसाबसा ब्रेक दाबला आणि किल्ली तशीच ठेवून पळाला.

भाची गाडीच्या पुढे कठड्यावर बसली होती. तिची नर्सची पेटी शेजारी उघडी होती. उजवं मनगट सुजलं होतं आणि ती डाव्या हाताने, एक टोक दातांत धरून, स्वतःच स्वतःला बँडेज बांधत होती. कपाळावर थोडं खरचटलं होतं. बाकी ती धड होती. कानसेनाचा जीव भांड्यात पडला, पण भांडंही हललं. तो तिच्यासमोर रस्त्यावरच बसला.

“इंजिन एकदम बंद झालं,” ती तोंडातली पट्टी सोडून म्हणाली. ती त्याच्याकडे बघून बोलत होती, म्हणून त्याला कळत होतं. “खाडकन काहीतरी वाजलं आणि बंद. ब्रेक दाबला, लागला, परत दाबला तर लागेचना. हँडब्रेक ओढला. मग म्हटलं खाली जाण्यापेक्षा घासूया, म्हणून कठड्याला लावली. मामा, त्या आजोबांना इंजेक्शन द्यायचं राहिलं. तिकडे कोणाला तरी कळवायला हवं, माझा फोन आपटून बंद पडलाय.”

बायको फोन घेऊन बाजूला गेली आणि भाचीच्या ऑफिसला कळवायला लागली. तिचा आवाज कापत होता. कानसेनाला तो कापताना दिसत होता.

तो उठला आणि सवयीने गाडीकडे गेला. बॉनेट वाकलं होतं तरी उघडलं. त्याने साखळीच्या कव्हरवर तळवा ठेवला. गरम होतं आणि मेलेलं होतं. आता ऐकायला काही नव्हतं, आता कोणालाही कळलं असतं. तेलाची कांडी ओढून बघितली, तेल काळं, दाट, बोटांना गाळ लागला. ही कांडीसुद्धा त्याने त्या दिवशी ओढून बघितली नव्हती. कानसेन कांड्या ओढून बघत नसे. कांड्या साधे मेकॅनिक बघतात.

तो परत येऊन तिच्यासमोर बसला. बँडेजचं टोक तिला एका हाताने बांधता येत नव्हतं. त्याने ते हातात घेतलं, पण त्याच्या काळ्या बोटांकडे बघून तिने मान हलवली आणि ते परत काढून घेतलं. मान खाली घालून ती गाठ मारायला लागली, आणि मारता मारता काहीतरी बोलली.

तिचे ओठ त्याला दिसत नव्हते. डोक्यावरचा भांग तेवढा दिसत होता. आवाज आला, नुसता आवाज, पाण्याखालून यावा तसा. वाक्य बरंच लांब होतं. शेवटी ती थांबली, म्हणजे त्याने आता काहीतरी म्हणायला हवं होतं.

त्याची मान डोलायला लागली. इतक्या दिवसांची सवय, ती आपोआप डोलली. ‘बरोबर आहे’ हे शब्द ओठांपर्यंत आले. बायको फोन संपवून मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते बघितलं.

त्याने मान थांबवली.

“काय म्हणालीस?” तो म्हणाला. हे दोन शब्दांचं काम करायला त्याला दोन वर्षं लागली होती. “तोंड वर कर आणि परत सांग. मला ऐकू येत नाही, बाळा. त्या दिवशीही आलं नव्हतं. मी डोळे मिटून नुसता उभा होतो.”

भाची रागावेल असं त्याला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा हळूहळू बदलला, गेल्या सगळ्या सकाळी एकामागून एक तिला परत ऐकू येत असाव्यात तसा. तिने बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवला, तोंड वर केलं आणि एकेक शब्द सुटा करून, पेशंटशी बोलते तशी, परत सांगितलं.

“म्हटलं, आवाज रोज यायचा, मामा. पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं काहीतरी चुकतंय. पण तू ऐकलं होतंस ना. म्हणून मी ऐकायचं सोडून दिलं.”